लाइन अप, पण पिंग नाही: लिनक्सवर सिंक्रोनस सीरियल लाइनचं एन्कॅप्सुलेशन

सिंक्रोनस सीरियल लाइनवरून (घड्याळाच्या तालावर एकामागून एक बिट पाठवणाऱ्या लाइनवरून) येणारी फ्रेम, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, कुठल्या पद्धतीनं बांधली आहे (तिचं एन्कॅप्सुलेशन कुठलं), हे त्या फ्रेमवर कुठेही लिहिलेलं नसतं. सिस्को एचडीएलसी, पीपीपी, फ्रेम रिले की नुसतं कोरं एचडीएलसी, हे दोन्ही टोकांनी आधीच ठरवून ठेवायचं असतं. एका टोकानं एक धरलं आणि दुसऱ्यानं दुसरं, तर मोडेमचे दिवे हिरवे राहतात, फ्रेम येतात-जातात, सीआरसीची (फ्रेम शाबूत पोचली का ते तपासणाऱ्या आकड्याची) एकही चूक दिसत नाही आणि पिंगला उत्तर मात्र येत नाही. मग लोक केबल बदलतात, मोडेम बदलतात, कार्ड बदलतात. खरं तर फ्रेमचे पहिले चार बाइट वाचता आले की दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. या लेखाचा मोठा भाग त्या चार बाइटांवरच आहे.

मुंबईत नव्या ऑफिसला आज फायबरवर सरळ इथरनेट मिळतं. तरी ई१ (२०४८ केबीपीएसची दूरसंचार लाइन) आणि व्ही.३५ (मोडेम जोडण्याचा जुना सीरियल इंटरफेस) संपलेले नाहीत. सॅटेलाइट मोडेम, वीज सबस्टेशनं, रेल्वेचं दूरसंचार जाळं, कारखान्यांतल्या जुन्या कंट्रोल यंत्रणा इथं ते रोज लागतात. खाली उदाहरणासाठी फोर्टमधलं एक ऑफिस आणि अंधेरीतलं एक ऑफिस धरलं आहे. फोर्टचा पत्ता १०.२०.३०.१, अंधेरीचा १०.२०.३०.२. हुकूम देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा, मायनस आणि अंडरस्कोरच्या जागी ती चिन्हंच घाला.

तारेवर नेमकं काय जातं

एचडीएलसी फ्रेमच्या दोन्ही बाजूंना फ्लॅग असतो: हेक्स ७ई, म्हणजे ०१११११११०. हा नमुना डेटात चुकून येऊ नये म्हणून पाठवणारी चिप सलग पाच १ दिसले की पुढे एक ० घुसवते आणि घेणारी चिप तो काढून टाकते. सलग सात किंवा जास्त १ आले तर ती फ्रेम रद्द समजायची. शेवटी १६ बिटांचा सीआरसी. फ्लॅग, घुसवलेले शून्य आणि सीआरसी हे सगळं हार्डवेअरच सांभाळतं, ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. म्हणून कॅप्चरमध्ये ७ई शोधत बसू नका, तो दिसणार नाही.

डायल-अपच्या असिंक्रोनस पीपीपीत ७डी या बाइटनं एस्केप करतात; ते तंत्र इथं नाही. असिंक्रोनस लाइनचं जुनं मार्गदर्शन वाचून कॅरेक्टर मॅपच्या सेटिंगमागे जाणं हा हमखास वाया जाणारा वेळ आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या वाट्याला येतं ते मधलं: एन्कॅप्सुलेशनचं हेडर आणि आयपी पॅकेट. सिस्को एचडीएलसीत चार बाइट: पत्ता ०एफ किंवा ८एफ, कंट्रोल ००, मग इथरनेटसारखाच दोन बाइटांचा प्रोटोकॉल क्रमांक. पीपीपीतही चार: एफएफ, ०३, मग पीपीपीचा स्वतःचा दोन बाइटांचा क्रमांक. फ्रेम रिलेत आयपीसाठी पुन्हा चारच: दोन बाइटांचा पत्ता, ०३ आणि सीसी. कोऱ्या एचडीएलसीत हेडरच नसतं, पहिल्या बाइटपासून आयपी सुरू. हेडर असलेल्या तिन्ही पद्धतींत आयपी पॅकेटमागे ओझं सारखंच असल्यामुळे फ्रेमच्या लांबीवरून काही ओळखता येत नाही. बाइटच वाचावे लागतात.

कामाला बसण्यापूर्वी

लाइन देणाऱ्याकडून आणि पलीकडच्या टोकाकडून एवढं लेखी घ्या. इंटरफेस कुठला: व्ही.३५, एक्स.२१ की ई१? ई१ असेल तर फ्रेम केलेला की न केलेला? फ्रेम न केलेल्या ई१ वर पूर्ण २०४८ केबीपीएस मिळतात. फ्रेम केलेल्यात ३२ टाइमस्लॉटपैकी शून्यावा फ्रेमिंगला जातो, त्यामुळे ३१ गुणिले ६४, म्हणजे १९८४ केबीपीएस. सोळावा स्लॉट डेटासाठी मोकळा आहे का, हेही विचारा, नाहीतर एक टोक ३१ आणि दुसरं ३० स्लॉट धरून बसतं आणि प्रत्येक फ्रेम तुटते. सीआरसी-४ (ई१ फ्रेमिंगची तपासणी) चालू की बंद, लाइन कोडिंग (बिट तारेवर मांडायची पद्धत) एचडीबी३ आहे ना, क्लॉक कोण देणार, एन्कॅप्सुलेशन कुठलं, फ्रेम रिले असेल तर डीएलसीआय (आभासी जोडणीचा क्रमांक) आणि एलएमआयचा (लाइनची स्थिती विचारण्याच्या पद्धतीचा) प्रकार कोणता. जोडणीसाठी ७५ ओहमची कोअॅक्स आणि १२० ओहमची जोडी यांची गाठ सरळ मारू नका, मध्ये बलून (दोन प्रकारच्या तारा जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लागतो.

लिनक्सच्या बाजूनं कार्डाचा ड्रायव्हर, कर्नलमधला जेनेरिक एचडीएलसी थर, हव्या त्या प्रोटोकॉलचं मॉड्यूल आणि सेटएचडीएलसी हा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो बहुतेक वेळा सोर्सवरून बांधावा लागतो. मॉड्यूलं वेगवेगळी आहेत: एचडीएलसी अंडरस्कोर सिस्को, अंडरस्कोर पीपीपी, अंडरस्कोर एफआर, अंडरस्कोर रॉ.

मांडणी: सिस्को एचडीएलसी

पायरी १. मॉड्यूल चढवा: मॉडप्रोब एचडीएलसी अंडरस्कोर सिस्को. हे राहिलं तर पुढच्या पायरीत ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतं आणि माणूस हुकमातलं स्पेलिंग तपासत बसतो.

पायरी २. इंटरफेस खाली घ्या: आयपी लिंक सेट एचडीएलसी० डाउन. इंटरफेस चालू असताना प्रोटोकॉल बदलता येत नाही. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं उत्तर मिळतं.

पायरी ३. भौतिक बाजू सांगा: सेटएचडीएलसी एचडीएलसी० व्ही३५ क्लॉक एक्स्ट. म्हणजे घड्याळ बाहेरून, मोडेमकडून. भाड्याच्या लाइनवर दोन्ही टोकांना हेच हवं. टेबलावर दोन कार्डं क्रॉस केबलनं एकमेकांना जोडून तपासत असाल तर मात्र एका बाजूला क्लॉक इंट रेट ६४००० द्या, कारण तिथं घड्याळ द्यायला दुसरं कोणी नाही.

पायरी ४. एन्कॅप्सुलेशन लावा: सेटएचडीएलसी एचडीएलसी० सिस्को इंटरव्हल १० टाइमआउट २५. दर १० सेकंदांनी कीपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ सांगणारा छोटा संदेश) जातो, २५ सेकंद योग्य उत्तर आलं नाही की लिंक खाली. हे आकडे मुळातलेच आहेत, पण लिहून ठेवलेले बरे. पलीकडच्या राउटरवर अंतर वेगळं असेल तर इथंही तेच ठेवा. तिकडे ३० सेकंद आणि इकडे टाइमआउट २५ असला की लिंक सतत वर-खाली होते, आणि ते लाइनच्या दोषासारखंच दिसतं.

पायरी ५. इंटरफेस वर घ्या आणि पत्ता द्या: आयपी लिंक सेट एचडीएलसी० अप, मग आयपी ॲडर ॲड १०.२०.३०.१ पीअर १०.२०.३०.२ डेव्ह एचडीएलसी०. जुना आयएफकॉन्फिग वापरत असाल तर तिथला शब्द पॉइंटोपॉइंट असा आहे, त्यात ‘पॉइंट’ आणि ‘टू’ यांच्यामध्ये टी एकदाच येतो. वर घेताना ‘फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’ आलं तर पायरी ४ झालेली नाही. प्रोटोकॉल न लावलेला इंटरफेस उघडत नाही.

पायरी ६. डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश) बघा. ‘कॅरियर डिटेक्टेड’ म्हणजे मोडेमची सिग्नल-तार ठीक. त्यानंतर ‘लिंक अप’ आणि कंसात पलीकडच्या यंत्राचा चालू वेळ आला, म्हणजे कीपअलाइव्ह दोन्ही बाजूंनी जुळला. या दोन ओळींमधलं अंतर महत्त्वाचं आहे. पहिली आली आणि दुसरी आली नाही, तर दोष घड्याळात, कोडिंगमध्ये नाहीतर एन्कॅप्सुलेशनमध्ये.

पीपीपीसाठी चौथ्या पायरीत फक्त सेटएचडीएलसी एचडीएलसी० पीपीपी. पण हा कर्नलमधला पीपीपी मुद्दाम साधा ठेवलेला आहे. तो पॅप किंवा चॅप (पासवर्डानं ओळख पटवायच्या पद्धती) करत नाही आणि पत्ता मागत किंवा वाटत नाही. पत्ते दोन्हीकडे हातानं घाला. पलीकडचा राउटर ओळखपडताळणी मागत असेल तर इकडून तो पर्याय नाकारला जातो आणि एलसीपी (लिंकच्या अटी ठरवणारी पीपीपीची बोलणी) कधीच पूर्ण होत नाही. बिंदू ते बिंदू भाड्याच्या लाइनवर पासवर्डाची गरज सहसा नसतेच. पलीकडून ती अट काढून घ्या.

पहिले चार बाइट

आधी आकडे बघा: आयपी मायनस एस मायनस एस लिंक शो एचडीएलसी०. आलेल्या फ्रेम वाढतच नसतील तर एन्कॅप्सुलेशनचा विचार करू नका, तार आणि घड्याळ बघा. सीआरसी किंवा फ्रेमच्या चुका वाढत असतील तरी खालच्याच थरात दोष आहे. पण एकूण चुका वाढताहेत आणि सीआरसीचा आकडा शून्यावर आहे, असं असेल तर फ्रेम शाबूत पोचते आहे, फक्त कर्नलला तिची भाषा कळत नाही. सिस्को मोडमध्ये पहिला बाइट ०एफ किंवा ८एफ नसला की कर्नल ती फ्रेम चुकीची म्हणून मोजतो आणि टाकून देतो.

आता कॅप्चर लावा: टीसीपीडंप मायनस एन मायनस एक्सएक्स मायनस आय एचडीएलसी०. वरच्या ओळीत टीसीपीडंप जो अर्थ लावतो त्याकडे दुर्लक्ष करा. तो इंटरफेसच्या सध्याच्या सेटिंगवरून अंदाज बांधतो, आणि इथं संशय त्या सेटिंगवरच आहे. नजर फक्त हेक्सच्या रांगेवर ठेवा, आणि त्यातही येणाऱ्या फ्रेमवर.

८एफ ०० ८० ३५ किंवा ०एफ ०० ८० ३५ दर दहा सेकंदांनी: पलीकडे सिस्को एचडीएलसी आहे आणि हा त्याचा कीपअलाइव्ह. त्यापुढे ०० ०० ०० ०२, मग चार बाइट पाठवणाऱ्याचा क्रमांक, मग चार बाइट त्याला तुमच्याकडून शेवटचा मिळालेला क्रमांक. हा दुसरा क्रमांक नीट बघा. तो शून्यावरच अडकलेला असेल तर तुमचं काही तिकडे पोचतच नाही. म्हणजे येणारी जोडी ठीक, जाणारी बिघडलेली. एकाच बाजूच्या दोषाचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

०एफ ०० २० ०० किंवा ८एफ ०० २० ००: पलीकडे सिस्कोचा राउटर सीडीपी (शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) बोलतो आहे. त्रास काही नाही, उलट एन्कॅप्सुलेशनची खात्री पटते.

एफएफ ०३ सी० २१, थोड्याथोड्या सेकंदांनी: पीपीपीचं एलसीपी. पाचवा बाइट कोड: ०१ विनंती, ०२ मान्य, ०३ बदल सुचवतो, ०४ नाकारलं. फक्त ०१ वर ०१ येत असतील तर समोरच्याला उत्तर मिळत नाही. ०४ दिसला तर त्यापुढचे बाइट वाचा, नाकारलेला पर्याय तिथंच असतो. ०३ हा पर्याय म्हणजे ओळखपडताळणी. एलसीपी जुळल्यावर ८० २१ हे आयपीसीपी (आयपीच्या अटींची बोलणी) आणि ०० २१ हा खरा आयपी डेटा. जागा वाचवण्याचे पर्याय मान्य झाले असतील तर एफएफ ०३ गळून पडतात आणि फ्रेम थेट २१ पासून सुरू होते. तेव्हा गोंधळू नका, पुढचा बाइट ४५ असेल तर ते आयपीच आहे.

०० ०१ ०३ ०८ ०० ७५ दर दहा सेकंदांनी: फ्रेम रिले, डीएलसीआय शून्यावरची एलएमआय चौकशी. त्यापुढे ९५ असेल तर एन्सी प्रकार, नसेल तर सीसीआयटीटी. एफसी एफ१ ०३ ०९ दिसलं तर डीएलसीआय १०२३, म्हणजे सिस्को प्रकारचा एलएमआय. ७५ ही चौकशी, ७डी हे उत्तर.

थेट ४५ ०० नं सुरुवात: पलीकडे कोरं एचडीएलसी आहे. सेटएचडीएलसी एचडीएलसी० एचडीएलसी करून बघा.

यातलं काहीच नाही, दर फ्रेमला वेगळे बाइट: मग एन्क्रिप्शन करणारा डबा मध्ये आहे का ते विचारा.

फ्रेम रिले असेल तर

सेटएचडीएलसी एचडीएलसी० एफआर एलएमआय एन्सी, मग सेटएचडीएलसी एचडीएलसी० क्रिएट १००. यातून डीएलसीआय १०० च्या आभासी जोडणीसाठी (पीव्हीसी) पीव्हीसी० हा नवा इंटरफेस तयार होतो. आयपी पत्ता त्याला द्यायचा, मूळ एचडीएलसी० ला नाही. पण मूळ इंटरफेस पत्त्याशिवाय अप करणं आवश्यक आहे. डीएलसीआय १०० चे बाइट १८ ४१ असे दिसतात, त्यामुळे आयपीची फ्रेम १८ ४१ ०३ सीसी ४५ अशी सुरू होते. दोन लिनक्स यंत्रं थेट जोडली असतील तर एका बाजूला डीसीई (नेटवर्कची बाजू) हा शब्द घालावा लागतो, नाहीतर दोघेही ७५ पाठवत राहतात आणि ७डी कोणीच देत नाही. नवी पीव्हीसी लगेच दिसली नाही तर एक मिनिट थांबा: चौकशी दर १० सेकंदांनी होते, पण पूर्ण यादी मुळातल्या सेटिंगनुसार दर सहाव्या चौकशीलाच मागितली जाते.

लूप देताना

लाइनमनला फोन करून ‘लूप द्या’ (पाठवलेलं तसंच परत फिरवा) म्हणणं ही तपासणीची सगळ्यात चांगली सवय आहे. आधी आपल्याच मोडेमवर लोकल लूप, मग पलीकडच्या मोडेमवर रिमोट लूप. जिथपर्यंत गेलेल्या आणि आलेल्या फ्रेमचे आकडे सारखे वाढतात तिथपर्यंत रस्ता चांगला.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. लिनक्सचा सिस्को एचडीएलसी लूप ओळखत नाही. त्याचाच कीपअलाइव्ह परत येतो, त्यातला क्रमांक त्याला पटतो आणि तो ‘लिंक अप’ जाहीर करतो. लूप काढायचा राहून गेला की फोर्टला लिंक अप दिसते, अंधेरीला डाउन, आणि फोर्टहून केलेला पिंग स्वतःकडेच परत येऊन टाकला जातो. फक्त एका टोकाची लिंक वर असेल तर सगळ्यात आधी विसरलेला लूप शोधा. खात्री हवी तर कॅप्चर बघा: आपण पाठवलेली फ्रेम बाइट न बाइट तशीच आत येताना दिसेल.

घड्याळ, कोडिंग आणि पावसाळा

सीआरसीच्या चुका ठरावीक अंतरानं, अगदी नियमित येत असतील तर दोन घड्याळं भांडताहेत. ई१ च्या घड्याळाला ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) इकडे-तिकडे चालतं. दोन टोकं आपापल्या घड्याळावर असली आणि त्यांच्यात ५० पीपीएमचा फरक असला, तर २०४८ केबीपीएसवर सेकंदाला सुमारे १०२ बिटांचा फरक साचतो आणि २५६ बिटांची एक ई१ फ्रेम साधारण अडीच सेकंदांत निसटते. एका टोकाला चुकून क्लॉक इंट राहिलेलं असतं, बहुतेक टेबलावरच्या चाचणीपासून.

शंभर टक्के फ्रेम बिघडलेल्या येत असतील तर एनआरझेड आणि एनआरझेडआय (बिट सिग्नलमध्ये मांडायच्या दोन पद्धती) यांचा घोळ, १६ विरुद्ध ३२ बिटांचा सीआरसी, किंवा टाइमस्लॉटची संख्या, या क्रमानं तपासा.

साधा पिंग जातो पण काही फाइली अडकतात, ही तक्रार आली तर नमुना देऊन पिंग करा: पिंग मायनस एस १४०० मायनस पी ००, मग मायनस पी एफएफ. शून्यांचा पिंग पडला आणि बाकीचे गेले तर एका टोकाला एचडीबी३ च्या जागी एएमआय लागलेलं आहे. लांब शून्यांच्या रांगेत घड्याळ हरवतं. एफएफचा पिंग जरा मंद असेल तर घाबरू नका. तिथं दर पाच बिटांमागे एक शून्य घुसतं, म्हणजे फ्रेम २० टक्के फुगते. सरमिसळ डेटात हीच वाढ दोन टक्क्यांच्याही आत असते.

चुका झुंडीनं येत असतील आणि जून ते सप्टेंबरमध्ये वाढत असतील तर सेटिंगला हात लावू नका. मुंबईच्या जुन्या इमारतींत तांब्याची जोडी ओलसर डक्टमधून आणि जिन्याखालच्या डिस्ट्रिब्युशन बॉक्समधून येते. खाऱ्या हवेनं जोड हिरवे पडतात. जोडीच्या दोन तारांमधला आणि प्रत्येक तारेचा जमिनीशी असलेला इन्सुलेशन रेझिस्टन्स कोरड्या दिवशी मोजून लिहून ठेवा. तुलनेला तो आकडा नसेल तर पावसातल्या मोजणीला अर्थ राहत नाही. मोजताना मोडेम जोडीपासून सोडवायला विसरू नका.

सावकाश लाइनवरची रांग

६४ केबीपीएसवर १५०० बाइटांचं एक पॅकेट हेडर, सीआरसी आणि फ्लॅग धरून १५०७ बाइट, म्हणजे १८८ मिलिसेकंद घेतं. रांगेत अशी ५० पॅकेट साचली तर मागच्या पॅकेटला साडेनऊ सेकंद लागतात, आणि तोवर त्याचा मालक कंटाळून पुन्हा विनंती पाठवतो. कीपअलाइव्हही त्याच रांगेत उभा राहिला तर गर्दीच्या वेळी लिंक पडते आणि गर्दी ओसरली की आपोआप येते. रांग लहान करा: टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह एचडीएलसी० रूट पीफिफो लिमिट १०. त्यानं जास्तीत जास्त उशीर दोन सेकंदांच्या आत राहतो. कंट्रोल यंत्रणेची पॅकेट छोटी आणि तातडीची असतील तर साध्या पीफिफोऐवजी (एकच रांग) प्रायो (तातडीनुसार वेगळे पट्टे) लावा आणि त्यांना पहिला पट्टा द्या. एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ५७६ वर आणला तर एका पॅकेटचा वेळ ७३ मिलिसेकंदांवर येतो. तो दोन्ही टोकांना सारखाच ठेवा.

चालू झाल्यावर कायम करणं

सेटएचडीएलसीनं दिलेलं सेटिंग रीबूटला टिकत नाही. सिस्टमडीचं एक वनशॉट (सुरू होताना एकदाच चालणारं) युनिट लिहा आणि त्यात क्रम हाच ठेवा: मॉड्यूल, डाउन, क्लॉक, एन्कॅप्सुलेशन, अप, पत्ता, रांग. नेटवर्क मॅनेजर असेल तर एचडीएलसी० त्याच्या ताब्यातून काढा, नाहीतर तो पायऱ्यांच्या मध्येच इंटरफेस वर घेतो आणि युनिट ‘बिझी’ म्हणून पडतं. युनिट लिहून झाल्यावर सॉफ्टवेअर रीबूट पुरेसा नाही. यंत्राची वीज काढून पुन्हा द्या, कारण काही कार्डं साध्या रीबूटमध्ये आधीचं क्लॉक सेटिंग धरून ठेवतात आणि युनिटमधली चूक झाकली जाते.